पॉलिशच्या वासाचं घर

झोप

आजारपण माझ्याकडं झोपेचं रूप घेऊन आलं.

पाडवा झाला आणि आम्ही लातुरातल्या नव्या घरात राहायला आलो. सकाळची कामं आटोपली की मी साड्यांना फॉल-पिको करायला मशीनवर बसायचे. थोडा वेळ पाय चालायचे, सुई चालायची, आणि मग पापण्या जड व्हायच्या. ही झोप दमल्याभागल्याची नव्हती. कुणीतरी मागून येऊन डोक्यावर ओली गोधडी टाकावी, तशी ती यायची. मी तिथंच फरशीवर आडवी व्हायचे.

झोपेत एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. घरभर मधाच्या रंगाचं पाणी भरलेलं असायचं. मशीन त्यात तरंगायची, गिऱ्हाइकांच्या साड्या घड्या मोडून हळूहळू पसरायच्या, हिरव्या, मोरपंखी, डाळिंबी, आणि मी त्यांच्यामधून अलगद वर जात राहायचे. छत यायचंच नाही. जागी व्हायचे तेव्हा डोकं ठणकत असायचं, डोळ्यांतून पाणी येत असायचं आणि जिभेवर गोडसर, कडू अशी चव असायची.

खरं सांगते, मला ते दिवस सुखाचे वाटत होते. लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्यांत राहिलो. एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास, मशीन, पाहुणे. दुपारी लवंडायला जागा नसायची. आता तिसऱ्या मजल्यावर स्वतःचं घर होतं, थंड फरशी होती, एसी होता. मला वाटलं, इतक्या वर्षांची साठलेली झोप आता वसूल होतेय.

आमचे हे, महादेव, फर्निचरची कामं घेतात. लातूर, औसा, उदगीर, कितीतरी घरांत त्यांच्या हातची कपाटं आणि किचनच्या ट्रॉल्या आहेत. आमच्या घरात मात्र कायम पत्र्याची पेटी आणि दोरीवर कपडे. नवं घर घेतल्यावर त्यांनी मला आत पाऊलच टाकू दिलं नाही. "सगळं झाल्यावर ये," म्हणाले. भिंतीला भिडलेली कपाटं, वर पीओपीची नक्षी, देवघराला जाळीचं दार, चमकणारा ऑइलपेंट. वास्तुशांतीला आलेल्या बायका कपाटाच्या दारात आपलं तोंड बघून घेत होत्या. मीही बघितलं. त्या दारात मी पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होते.

वास होता. भरपूर होता. रंगाचा, थिनरचा, प्लायचा, चिकटवायच्या सोल्यूशनचा. पण नव्या घराला नवा वास असायचाच, असं मी धरून चालले होते. एकदा यांना म्हटलं, "लई उग्र वास येतो हो."

"कसला?" म्हणाले. "काहीच तर न्हाई."

मला वाटलं, रोजच्या सवयीनं यांना जाणवत नसेल. मी पुन्हा बोलले नाही.

खोकला

मग खोकला सुरू झाला. कोरडा, टोचणारा. बोलता बोलता घशात काच अडकल्यासारखं व्हायचं. जिना चढून आले की दारात टेकून उभी राहायचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी सर्दीचं औषध दिलं, मग धुळीच्या ॲलर्जीचं. त्यानंही उतार पडेना तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "या वयात बायकांना होतं असं. मन रमवा. टेन्शन घेऊ नका."

मी टेन्शन घेतच नव्हते. पण डॉक्टर म्हणाले म्हणून शोधायला लागले, आणि शोधलं की टेन्शन सापडतंच. मुलगी साक्षी संभाजीनगरला शिकायला असते, तिची काळजी. धाकट्या बहिणीचे गुडघे दुखतात, तिची काळजी. फोनवर माझा खोकला ऐकून साक्षी म्हणायची, "आई, तू नीट दाखव गं कुणाला तरी." मी म्हणायचे, "वयानं होतं असं." मी तेव्हा पंचेचाळिशीसुद्धा ओलांडली नव्हती.

यांच्या मनात वेगळंच आलं होतं. एकदा जेवताना मान वर न करता म्हणाले, "तुला घर आवडलं न्हाई का, शैला?"

"असं का म्हणता?"

"सारखी झोपून ऱ्हातीस. बोलत न्हाईस. मला वाटलं, आवडलं न्हाई."

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच होता. घर मला इतकं आवडलं होतं की त्याच्यावर मी कुठलाच दोष येऊ देत नव्हते. स्वतःच्या छातीवर दोष घेणं मला सोपं वाटत होतं.

लोह्याची हवा

कुरड्यांच्या दिवसांत धाकट्या बहिणीनं, मीनानं, लोह्याला बोलावलं. तिचं सासर शेतकऱ्याचं, घर गावाच्या कडेला, पुढं मोठं अंगण आणि कडुलिंब. मी एसटीत बसले तेव्हा खोकत होते. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. चाकूर मागं पडलं, खिडकीतून रखरखीत वारा तोंडावर येत होता, आणि एका वळणावर माझ्या लक्षात आलं की मी बऱ्याच वेळापासून खोकलेलीच नाही.

लोह्याला मी बरी झाले. त्याला दुसरा शब्द नाही. पहाटे गव्हाचा चीक शिजवायचा, ऊन चढायच्या आत साच्यातून अंगणात पसरलेल्या जुन्या पातळावर कुरड्या घालायच्या, मग कडुलिंबाखाली बाजेवर पडायचं. चुलीचा धूर होता, धूळ होती, ऊन तर विचारू नका. तरी छाती मोकळी होती. तिथंही दुपारी झोप यायची, पण ती हलकी असायची. पानांमधून उन्हाचे कवडसे पापण्यांवर हलायचे आणि मी त्यांच्याबरोबर झोपेच्या आतबाहेर करत राहायचे.

मीना एकदा कुरड्या उलटता उलटता थांबली. "आक्का, तू आल्यापास्नं खोकली न्हाईस."

"हवापालट झाला ना."

"हवापालट कसला? लातूर काय इलायतेत हाय का? इथं धुरळा, तिथं धुरळा." मग तिनं पुढची कुरडई उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या घरात काहीतरी हाय."

मी तिच्यावर चिडले. तिला वाटलं, ती दृष्टबाधेचं बोलतेय असं मी समजले. मला मात्र यांचा चेहरा दिसत होता, हातात भाकरीचा तुकडा घेतलेला.

पलंग

परत आले तेव्हा हे स्टँडवर घ्यायला आले होते. इतके खुशीत मी त्यांना क्वचित पाहिलं असेल. "घरी चल. एक गोष्ट दाखवायची हाय."

आतल्या खोलीत सागवानी पलंग होता. कारागिरांच्या हाती न देता त्यांनी स्वतः केलेला. उशाकडच्या फळीवर वेल कोरलेली, पानापानाची शीर दिसत होती. त्या सकाळीच पॉलिशचा शेवटचा हात दिला होता. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की काम बिघडतं, म्हणून खिडक्यांच्या फटींना कागदी टेप लावून सगळं बंद केलं होतं. एसी सुरू होता. फळी ओली चमकत होती, माझ्या स्वप्नातल्या पाण्याच्या रंगाची.

"कसा हाय?"

"लई सुंदर हाय हो," मी म्हटलं. माझे डोळे पाण्यानं भरले होते. त्यांना वाटलं मला भरून आलंय. तेही खोटं नव्हतं.

"वाळेपर्यंत हात लावू नको," म्हणून ते आपल्या फर्निचरच्या कारखान्यावर गेले. मी प्रवासानं शिणले होते. बाहेरच्या खोलीत चटई टाकून पडले.

स्वप्न आलं तेच. पण या वेळी पाणी घट्ट होतं. साड्या हलत नव्हत्या. मी वर जायला बघत होते आणि वर कुणीतरी झाकण लावलं होतं.

जाग आली तेव्हा श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. छातीत हवा भरलेली आहे आणि तरीही माणूस हवेवाचून मरतोय. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा असा. खिडकीकडं सरकले, तर फटींवर टेप. नखानं एक टोक सोलायला बघितलं, निघालं नाही. मग भिंतीला धरून दारापर्यंत गेले, कडी काढली आणि जिन्याच्या पायरीवर बसले. समोरच्या वहिनींनी दार उघडलं, एवढं आठवतं. त्यांच्या हाताला कणीक लागलेली होती. ती कणीक माझ्या दंडावर वाळली होती, हे मला दवाखान्यात दिसलं.

लातुरातल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफेचं औषध दिलं, जीव वाचला. श्वास सुरळीत झाल्यावर घरी पाठवलं. मीना तोवर येऊन पोचली होती. तिनं मला हाताला धरून उंबऱ्यातून आत आणलं आणि मी दोन पावलांत वाकले. तीच शिट्टी. मीनानं मला वळवून तशीच उलट बाहेर काढलं.

"दाजी," ती यांना म्हणाली, "माझ्या सासऱ्यांच्या छातीचा इलाज नांदेडला झाला. आक्काला मी तिकडं नेते. इथं ठेवत न्हाई."

"अगं पण घरी तर चल, काय लागेल ते..."

"घरी न्हाई!" ती ओरडली. जिन्यात आवाज घुमला. यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली.

वॉर्ड

नांदेडला पोचेपर्यंत पुन्हा दम लागला आणि मला भरती करून घेतलं.

दवाखान्यातले दिवस मला एकमेकांत मिसळल्यासारखे आठवतात. भल्या पहाटे फरशी पुसणाऱ्या मावशी यायच्या, मग सिस्टर बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायच्या, मग वाफ, मग चहा, मग पुन्हा वाफ. मास्कच्या आत माझाच श्वास माझ्या कानात मोठा व्हायचा, लांबून येणाऱ्या गाडीसारखा. औषधानं हात थरथरायचे, चहाचा कप धरता यायचा नाही. तोंडावर सूज आली. आरशात बघितलं तर गोल, अनोळखी बाई. साक्षी धावत आली तेव्हा ती दारात क्षणभर माझ्यावरून नजर फिरवून पुढच्या खाटेकडं बघायला लागली होती. मग तिनं मला ओळखलं आणि पायांशी बसून रडली.

भीती वाटायची ती झोपेची. डोळे मिटले की पुन्हा ते झाकण लागेल, असं वाटायचं. मी डोळे ताणून छताचा पंखा बघत राहायचे.

शेजारच्या खाटेवर देगलूरकडच्या एक बाई होत्या. आंध्राच्या सीमेलगतचं गाव म्हणून मराठीत सुरू केलेलं वाक्य त्या तेलुगूत संपवायच्या. (आता तिकडं तेलंगण आहे, पण त्या आंध्रच म्हणायच्या.) माझी अवस्था त्यांनी ओळखली. संध्याकाळी दिवे लागले की त्या माझ्याकडं कूस वळवून हळू आवाजात काहीतरी गुणगुणायच्या. शब्द एकही कळायचा नाही. गाणं बाळाचं होतं की देवाचं, शेताचं होतं की कुणाच्या लग्नाचं, मी कधी विचारलं नाही. त्या आवाजाला धरून मी उतरत जायचे, आडात पोहरा सोडावा तशी, आणि खाली पाणी स्वच्छ असायचं. त्यांना माझ्याआधी सुटी मिळाली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "झोपायचं. भ्यायचं न्हाई." आणि पुढं तेलुगूत काहीतरी. ते मी आशीर्वाद म्हणून ठेवून घेतलंय.

"कुठं बरं वाटतं?"

दम जरा बसल्यावर एके दिवशी छातीच्या डॉक्टर बाईंच्या खोलीत मी, हे आणि मीना, तिघं होतो. मला एका मशीनमध्ये फुंकायला लावून झालं होतं. डॉक्टर बाई तरुण होत्या, आवाज मऊ. आत्तापर्यंत सगळ्यांनी मला विचारलं होतं, काय होतंय, कधीपासून होतंय. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुठं बरं वाटतं?"

मी घाबरले. कारण उत्तर मला ठाऊक होतं, आणि हे शेजारी उभे होते.

"लोह्याला," मी म्हटलं.

"आणि घरी?"

मी पदराचा काठ चाचपत राहिले. मीनासुद्धा मध्ये पडली नाही, तिचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं. शेवटी हेच बोलले.

"घर नवं हाय, डॉक्टर. फर्निचर, रंग, समदं नवं. मीच केलंय."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. अजिबात घाई न करता सांगितलं. रंग, पॉलिश, थिनर, प्लाय जोडायचं सोल्यूशन, यांतून वाफा निघतात. काही थोड्या दिवसांत जातात, काही महिनोन्महिने झिरपत राहतात. खिडक्या बंद, एसी सुरू, म्हणजे त्या घरातच फिरतात. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण काहींच्या श्वासनळ्या चिडतात, आवळतात. माझ्या तशा आवळल्या होत्या. दमा झाला होता. डोकं ठणकणं आणि ती जड झोप, तीही बहुतेक त्याच वाफांची. औषधांनी दमा आटोक्यात येईल, पण त्या घरात आत्ता जायचं नाही.

मला रडू आलं. आजाराचं नाव कळल्याचं ते रडू होतं. मला वेड लागलं नव्हतं, माझं वय झालं नव्हतं, मला माझं घर नावडतं नव्हतं.

हे मात्र टेबलाजवळ सरकले. "पण डॉक्टर," म्हणाले, "मी तर जलमभर त्यातच हाय. मला कुठं काय झालं?"

डॉक्टर बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुम्ही फुंकता का जरा?"

त्यांनी फुंकलं. दंड भरदार, छाती रुंद. डॉक्टर बाईंनी पुन्हा फुंकायला लावलं. मग पुन्हा. पडद्यावर जी रेघ उमटली ती माझ्या रेघेपेक्षा खाली होती, म्हणजे त्यांचा दम माझ्याहूनही कमी भरला. रोज सकाळी चूळ भरताना हे बराच वेळ खोकायचे. साक्षी लहानपणी म्हणायची, बाबांचा कोंबडा आरवला. त्या खोकल्यानं आमचं घर उठायचं, आणि आम्हाला कधी त्यात काही वाटलं नव्हतं.

नुकतंच बाहेर फिनाइल टाकून फरशी पुसली होती. वास इतका की मीनानं नाकाला रुमाल लावला होता. डॉक्टर बाईंनी यांना विचारलं, "आत्ता इथं कशाचा वास येतोय?"

यांनी माझ्याकडं बघितलं. नापास होणारं पोर शेजाऱ्याच्या पाटीकडं बघतं, तसं. मग म्हणाले, "न्हाई येत."

"कधीपासून?"

"लई वर्षं झाली."

इतकी वर्षं मी या माणसाबरोबर राहिले. भाजीला फोडणी दिली की हे म्हणायचे, "वा, काय वास सुटलाय." मी मोगऱ्याचा गजरा माळला की वाकून श्वास घ्यायचे. मला वाईट वाटू नये म्हणून ते सगळं अंदाजानं चाललं होतं. घरातला तो वास त्यांना खरोखरच येत नव्हता. आपण मला कशात नेऊन ठेवलंय, हे कळायची वाटच त्यांच्याकडं नव्हती.

खोलीबाहेर बाकावर ते माझ्या शेजारी बसले. "मीच तुला..." एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं. मी त्यांचा हात धरला. तळव्याला पॉलिशचे डाग होते, बोटांच्या रेषांमध्ये मुरलेले. मी म्हटलं, "आता दोघांनी औषध घ्यायचं." ते हसायला गेले आणि खोकले.

कडुलिंबाखाली

पावसाळा मी लोह्यालाच काढला. दम्याच्या औषधाचा पंप ओढायला शिकले. सुरुवातीला मला चारचौघांत पंप काढायची लाज वाटायची, परसात जाऊन ओढायचे. मीनाच्या सासूबाईंनी एकदा हटकलं, "चष्मा काय परसात जाऊन घालतीस का?" त्यानंतर ओसरीवरच ओढायला लागले.

लातुरात लोक बोलत होते. नवऱ्यानं राजवाडा बांधला आणि ही बहिणीकडं जाऊन बसली. यांच्या कानावर यायचं, ते मला सांगायचे नाहीत; समोरच्या वहिनी फोनवर सांगायच्या. मलाही कधी कधी वाटायचं, आपण घर टाकून आलो. स्वप्नात कपाटांची दारं उघडायची, आतून हिरवळ निघायची आणि ती माझ्या अंगावरून वाहत जायची. जागी झाले की पागोळ्यांचा आवाज.

भांडणंही झाली. मीना यांना फोनवर म्हणाली, "दाजी, तोडून टाका ती कपाटं. जाळून टाका." यांनी फोन ठेवून दिला आणि काही दिवस केलाच नाही. मी मीनाशी बोलले नाही, मीना माझ्याशी. दोघी एकाच परातीत शेंगा फोडत बसायचो आणि फक्त टरफलांचा आवाज. मला कळत होतं की ती माझ्या बाजूनं बोलली. तिला कळत नव्हतं की ती कपाटं म्हणजे त्या माणसाच्या हातचं अक्षर होतं.

मग एका रविवारी हे आले. तोंडाला नळकांड्यांचा मास्क लावल्यामुळं गालांवर वळ उठले होते. कारागिरांनाही मास्क घेऊन दिले होते; ते हसतात आणि एकमेकांना डुक्करतोंडे म्हणतात, असं यांनी सांगितलं. पॉलिश आता उघड्या शेडमध्येच करायचं ठरवलं होतं. "धूळ बसली तर बसू दे. पुन्हा घासायचं." एका गिऱ्हाइकाच्या घरी सून पोटुशी होती. यांनी त्यांना सांगितलं, रंग झाल्यावर दोन-तीन महिने घर उघडं ठेवा, सुनेला आत्ता आणू नका, मुहूर्त पुढं ढकला. त्यांनी काम काढून दुसऱ्याला दिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मी त्या पोरीच्या बापाला गाठून सांगून आलो." आणि मीनाकडं वळून म्हणाले, "पलंग कारखान्यात नेऊन ठेवला, मीना. रात्री मी घरात ऱ्हात न्हाई, कारागिरांच्या खोलीवर झोपतो. कपाटांचा वास जाईल, ती ऱ्हाऊ दे. डॉक्टर बाई म्हणाल्या, वेळ द्या."

मीना उठली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला गेली. आमच्या घराण्यात माफी अशीच मागतात.

सांगण्यासारखं

हे लिहितेय ते कुणाला घर रंगवू नका म्हणून सांगायला नाही. घर नटवावं, हौस करावी. पण रंगकाम, पॉलिश सुरू असताना त्या घरात झोपू नये, आणि झाल्यावर लगेच खिडक्या लावून एसीत बसू नये. लहान लेकरं, म्हातारी माणसं, पोटुशी बाई, दम्याचं माणूस, यांना तर मुळीच ठेवू नये. नव्या घराचा वास हा शकुन नाही. उदबत्ती लावून तो जात नाही, त्यात धुराची भर पडते. दारं-खिडक्या उघड्या टाकून वाट बघणं, याच्याइतका सोपा इलाज मला तरी सापडलेला नाही.

आणि एक. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, मला अमुक ठिकाणी बरं वाटतं. दुखणं कुठं आहे ते आपण सगळेच सांगतो. घरातल्या कुणाला वाईट वाटेल म्हणून बरं वाटण्याची जागा लपवू नका. मी लपवली होती.

परत

दसरा झाल्यावर डॉक्टर बाईंनी सांगितलं, जाऊन बघा. आधी दुपारपुरतं.

जिना मी सावकाश चढले. हे पुढं होते. दार उघडून बाजूला उभे राहिले आणि माझ्याच तोंडाकडं बघू लागले. त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळणार होतं.

मी आत गेले. घरातून वारा आरपार चालला होता. सगळ्या खिडक्या उघड्या, पडदे काढलेले. श्वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला. अगदी लांबून, जुन्या लाकडासारखा एक वास, आणि त्याच्यावर रस्त्यावरच्या कुणाच्या तरी शेंगदाणे भाजण्याचा. छातीत शिट्टी नव्हती.

"हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. शेंगदाण्याचा येतोय खालून."

त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

मी खोल्या बघत फिरले. आतल्या खोलीत गेले आणि थबकले. खिडकीजवळच्या कपाटाचं दार फुगलं होतं. खालच्या कडेचा प्लाय पापुद्र्यापापुद्र्यानं उकलला होता, चमक जाऊन पांढरट ओघळ उतरले होते. पलीकडच्या दाराचंही तेच. पावसाळाभर खिडक्या उघड्या होत्या. झड आत आली होती, दारं भिजली होती, वाळली होती, पुन्हा भिजली होती. आणि हा माणूस ज्याला केसाएवढा ओरखडा सहन होत नाही, जो गिऱ्हाइकाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी बिजागरी कुरकुरली की खिशातून पेचकस काढतो, तो हे रोज बघत होता. रोज येत होता आणि खिडकी तशीच ठेवून जात होता.

मी दार लोटून बघितलं. ते चौकटीत बसेना. दोन्ही हातांनी दाबलं.

मागून ते आले. माझा हात दारावरून काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "बंद कशाला करायचंय?"

मी चटई आणली आणि त्या उघड्या कपाटासमोर फरशीवर पडले. ते उशाशी बसले. ऊन हळूहळू सरकत माझ्या पावलांवर आलं, आणि किती तरी दिवसांनी त्या घरात मला जी झोप लागली, तिला पाण्याचा रंग नव्हता.